आजोबांवर कादंबरी लिहा, पण दुसऱ्याच्या आजोबांची जागा घेऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घराण्यातल्या गोष्टींवरून ऐतिहासिक कादंबरी कशी लिहावी यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. लेख चांगला होता. आपल्या सातारा-सांगलीकडं घरटी एक तरी गोष्ट अशी आहे की जी आत्ता लिहून ठेवली नाही तर म्हाताऱ्या माणसांबरोबर जाणार, त्यामुळं कुणी वही-पेन घेऊन बसत असेल, मोबाईलवर आजीचं रेकॉर्डिंग करत असेल तर मला मनापासून आनंद होतो. पण त्यात एक सल्ला होता की गोष्ट तुमच्याच घरची आहे, मग पणजोबांना हवं तिथं उभं करा, हवी तेवढी खुलवा, कादंबरीत सगळं चालतं. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापावं ही विनंती.

माझं म्हणणं असं आहे की आजोबांवर कादंबरी जरूर लिहा, त्यांच्या मनात त्या रात्री काय चाललं असेल ते सगळं कल्पनेनं लिहा, त्यांना बोलतं करा, रडवा, चिडवा, पण त्यांना मोठं करायचं म्हणून दुसऱ्या कुणाच्या आजोबांची जागा त्यांना देऊ नका.

पानिपताच्या कादंबरीत कुणी एक मनानं रचलेला शिलेदार घातला तर 1761 सालचं कोण येणार आहे विचारायला? आपल्याकडचं 1942 तसं नाही ना. वडूजला 9 सप्टेंबर 1942 ला कचेरीवर मोर्चा गेला, परशुराम घार्गे तिरंगा घेऊन पुढं होते, पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि नऊ माणसं गेली. त्या नऊ जणांची नावं खटाव तालुक्यात शाळेतली पोरंसुद्धा सांगतात, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथंच शेती करतायत, बाजाराला येतायत. दुसऱ्याच दिवशी, 10 सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले पंड्या गेले आणि विष्णू बारपटे गेले. आता तुम्ही कादंबरीत झेंडा तुमच्या आजोबांच्या हातात दिला, किंवा पहिली गोळी त्यांनीच खांद्यावर झेलली असं लिहिलं, तर तुमच्या दृष्टीनं ती कल्पना झाली, पण ज्या घरातनं माणूस गेलाय त्या घराला काय वाटेल? त्यांच्याकडं तेवढं एकच तर आहे, आमचा माणूस पुढं होता म्हणून. तेही तुम्ही काढून घेणार?

सांगलीच्या जेलचं तसंच. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार जेल फोडून बाहेर पडले, दादांना गोळी लागली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव तिथं मेले. त्याच्या आधी दीड महिना, 7 जूनला, शेणोलीजवळ तुफान सेनेनं, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांना न जुमानता गावोगाव चालवलेल्या प्रतिसरकारच्या सशस्त्र दलानं, पगाराची रेल्वे अडवून सरकारी पैसा ताब्यात घेतला, त्यात जी. डी. बापू लाड होते, कॅप्टन भाऊ होते. आमच्या भागात शेणोलीच्या रेल्वेवर आपला आजा होता असं सांगणारी इतकी घरं आहेत की सगळ्यांचं खरं मानलं तर रेल्वेपेक्षा माणसं जास्त होतील. ही घरं खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. कुणी त्या रात्री नंतर भाकरी दिली असेल, कुणी सायकल दिली असेल, कुणी पोलिसाला चुकीची वाट दाखवली असेल, आणि पिढी बदलली की भाकरी देणारा रेल्वेवर चढतो. तोंडी गोष्टीचं असं होतंच, त्यात वाईट हेतू नसतो. फरक एवढा की तोंडी गोष्ट घरात राहते आणि कादंबरी छापली जाते, लायब्ररीत जाते, तिच्यातला उतारा पोरं निबंधात घालतात आणि पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी त्यालाच पुरावा म्हणून दाखवतं.

मी स्वतः माझ्या आज्जीवर लिहितेय म्हणून एवढं पोटतिडकीनं बोलतेय. माझं माहेर कुंडलच्या बाजूचं. आज्जी प्रतिसरकारच्या काळात भूमिगत कार्यकर्त्यांना जेवण द्यायची, रानात नेऊन पोचवायची, कधी निरोपही न्यायची. बास, आम्हाला एवढंच माहिती आहे. तिनं पिस्तूल धरलं नाही, ती कुठल्या मोर्चात पुढं नव्हती, ती कधी जेलमध्ये गेली नाही. माझं हस्तलिखित एका प्रकाशकांनी वाचलं आणि म्हणाले, ताई, वाचकाला हिरो लागतो, आज्जींना एकदा तरी पोलीस पार्टीवर गोळी झाडताना दाखवा, शेणोलीच्या प्रसंगात घाला, मग बघा पुस्तक कसं उचलतंय. मी नाही म्हणाले. त्यांचा धंदा आहे, त्यांना वाटलं ते त्यांनी सांगितलं, राग नाही. पण आज्जीनं जे केलं त्याच्यात कादंबरी नाही हे कुणी ठरवलं?

दहा-बारा माणसांच्या भाकरी म्हणजे काय असतं बघा. घरात खाणारी माणसं पाच आणि दळण मात्र पंधरा जणांचं. जात्याचा आवाज शेजारी ऐकू जातो. पहाटे सगळीच घरं दळतात तेव्हा दळलं तर चालतं, पण निरोप संध्याकाळी आला तर? रात्री चूल पेटली की धूर दिसतो, भाकरी थापल्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जातो. महायुद्धाचा काळ, धान्याची ओढाताण, कणगीतली ज्वारी लवकर खाली गेली तर सासू विचारणार, जाऊ विचारणार. पाटीत भाकरी, वर शेणाच्या गोवऱ्या किंवा वैरण टाकायची आणि रानात निघायचं, वाटेत कुणी भेटलं की काय गं, आत्ताच रानात? याला उत्तर तयार पाहिजे. आणि हे रोज नाही, कधी येतील माहिती नाही, त्यामुळं रोजच तयारीत राहायचं. आज्जी सांगायची की एकदा पोलिसांनी घरात शिरून कणगी पालथी केली आणि सगळी ज्वारी अंगणात पसरली, आणि ती पुढं दोन दिवस खडे-माती निवडत बसली होती. माझ्या कादंबरीतलं सगळ्यात मोठं प्रकरण त्या ज्वारी निवडण्यावर आहे. तिच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, ते मी लिहिलंय, ते कल्पनेचं आहे, आणि तिथं कल्पना करायचा मला पूर्ण हक्क आहे असं मी मानते, कारण तिथं मी कुणाची जागा घेत नाही.

आणि आज्जीसारख्यांचा कागद कुठं मिळणार ओ? 1972 ला केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू केली तेव्हा जेलमध्ये सहा महिने काढल्याचा पुरावा लागायचा, बायकांना पुढं ते तीन महिने केलं, किंवा मग भूमिगत होता तर वॉरंट, डोक्यावर बक्षीस असलं काहीतरी दाखवावं लागायचं. भाकरी दिल्याचं कसलं वॉरंट निघतंय? त्यामुळं सरकारी यादीत ही बाई नाही, स्मारकावर नाही, भाऊबंदांनी छापलेल्या वंशावळीत तर लेकी-सुनांची नावंच नसतात, नुसती पुरुषांची फांदी फांदी काढलेली असते. आमच्याकडं हेळवी येतो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, हेळवी म्हणजे बैल घेऊन गावोगाव फिरणारे, घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं त्यांच्या वहीत असतात, ते दारात येऊन वाचून दाखवतात आणि आपण त्यांना धान्य, कपडे देतो. माझ्या लहानपणी तो वाचायला लागला की सगळे भाऊबंद गोळा व्हायचे, मूळ गाव कुठलं, कोण कुठनं उठून कुठं आला, कुणाला किती मुलगे, सगळं धडाधड. मी शेवटपर्यंत वाट बघायचे, आज्जीचं नाव आमच्या पानावर आलं नाही. अशा बायकांना जागा द्यायला कादंबरीसारखं दुसरं काही नाही, म्हणून तर मी कादंबरीच्या बाजूची आहे. सरदार-पाटील-इनामदारांचे कागद आहेत, त्यांचा इतिहास लिहिता येतो. जिचं नाव कुठल्याच कागदावर नाही तिच्यासाठी कल्पना लागतेच.

आता कागदांचा विषय निघालाच आहे तर. 2023 मध्ये सरकारनं कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली आणि एकदम सगळ्या गावांत मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या, शाळेची जनरल रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या वह्या, जुने फेरफार, सगळं लोकांनी शोधलं. एवढा कागद आपल्या लोकांनी एका वेळी कधी हाताळला नसेल. पण बहुतेक घरांनी काय केलं, पाहिजे ती नोंद मिळाली की तेवढ्याची नक्कल घेतली आणि बाकीचं बोचकं परत माळ्यावर. त्या बोचक्यात कर्जाचे कागद आहेत, बैल विकल्याची चिठ्ठी आहे, प्लेगात कोण गेलं ते आहे, आणि कादंबरी तर त्यातच असते. निदान मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढा, क्रमानं, मागची बाजू पण, आणि मूळ कागदाला टेप-बिप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. वाई, मेणवली, सातारा इथल्या वाड्यांतल्या कागदांवर इतिहाससंशोधक राजवाड्यांनी, पारसनीसांनी आयुष्य घालवलं म्हणून आज ते छापील तरी मिळतात. राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंडच्या खंड काढले, ते दारोदार फिरून. आपण आपल्याच माळ्यावर चढायला कंटाळतो.

अडचण असते भाऊबंदकीची, हे मला माहिती आहे. कागद दाखवा म्हटलं की चुलत्याला वाटतं हिला वाटणी पाहिजे. आमच्याकडं पण झालं. मी सरळ सांगितलं की तुम्ही बसा शेजारी, मी फोटो काढते, जमिनीचा कागद असेल तो बाजूला ठेवा, मला पत्रं आणि हिशोबाच्या वह्या पाहिजेत. मग दिलं. जोर करून मिळत नाही, चहा घेत घेत मिळतं.

तपशिलाचंही बोलायला पाहिजे, कारण कल्पना करायची म्हणजे माहिती नसली तरी चालतं असा एक समज झालाय. 1942 च्या प्रसंगात सांगली जिल्हा, सांगलीचे कलेक्टर असं लिहिलेलं मी वाचलंय. अहो तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. सगळा सातारा जिल्हा, आणि त्याच्यात मधेमधे संस्थानं, सांगली पटवर्धनांचं, मिरज, जत, औंध. सातारचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे 1949 ला झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं 1960 ला. कुंडल तर औंध संस्थानात होतं, किर्लोस्करवाडी पण औंधच्याच राजांनी दिलेल्या जागेवर 1910 ला उभी राहिली. आणि औंधमध्ये 1939 लाच राजांनी गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार लोकांच्या हातात दिला होता. हे नुसतं माहिती म्हणून सांगत नाही, याच्यावर गोष्ट उभी राहते. एका रानात इंग्रजी मुलूख आणि बांध ओलांडला की संस्थान, इकडच्या पोलिसाला तिकडं सहज जाता येत नाही, भूमिगतांना याचा केवढा आधार होता. हे कळल्यावर माझ्या कादंबरीत आज्जी रानात कुठल्या बाजूनं जाते हेच बदललं, सगळा प्रसंगच जिवंत झाला. तेव्हा सोळा आण्यांचा रुपया होता, पायली-शेर होता, गावात लाईट नव्हती, आणि माणसं आजच्या टीव्ही सिरियलसारखं छापील बोलत नव्हती.

दुसरी एक गोष्ट पहिल्या महायुद्धाची. सातारकडं फौजेत गेलेल्यांची घरं किती, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहेच. मराठा पलटणीतली 103, 110, 117 नंबरची माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आत्ताच्या इराकात, कुतच्या वेढ्यात अडकली, डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 ला शरण जाईपर्यंत, आणि नंतर कैदेत चालवत नेताना किती तरी मेली. त्या युद्धात गेलेल्यांच्या घरी इंग्रजांनी नंतर ब्राँझची एक गोल तबकडी पाठवली, तळहातापेक्षा मोठी, वर सिंह आणि एक बाई कोरलेली आणि चौकटीत फक्त माणसाचं नाव. हुद्दा मुद्दाम लिहिला नाही, सगळ्यांचं मरण सारखं म्हणून. माझ्या ओळखीच्या एका घरात ती मी हातात घेऊन बघितलीय, नावाची अक्षरं उठावाची आहेत, बोट फिरवलं की कळतात, घरातल्यांनी ती घासून-पुसून देव्हाऱ्याखाली ठेवलीय. पण त्याच घरात आता कुणीतरी पुस्तक लिहितंय आणि त्यात पणजोबा सुभेदार झालेत. कशाला? साधा शिपाई बोटीतनं बसऱ्याला उतरला, वेढ्यात उपाशी राहिला, पलटणीतले घोडे-खेचरं कापायची वेळ आली तेव्हा खाऊ का नको या घोळात पडला, गावाकडं त्याची बायको पत्राची वाट बघतेय, याच्यापुढं सुभेदारकीचं काय आहे?

सगळ्यात अवघड विषय शेवटी घेते, कारण यावर कुणी बोलत नाही. प्रतिसरकारनं न्यायनिवाडे केले, सावकारांना वठणीवर आणलं, कमी खर्चाची गांधी-लग्नं लावली, दारू बंद केली, आणि खबऱ्यांना, गुंडांना तळपायावर मारून शिक्षाही दिल्या. ज्याला शिक्षा झाली त्याचंही घर गावात आहे. त्यांची आणि आमची आज सोयरीक आहे, एका पंगतीला बसतो. मी कादंबरी लिहिताना आज्जीच्या बाजूनं लिहिणार हे उघडच आहे, पण तो खबऱ्या कोण होता हे गावाला कळेल असं लिहायचा मला हक्क आहे का? मी बराच विचार केला आणि माझ्यापुरतं ठरवलं की प्रसंग ठेवायचा, त्याची तीव्रता कमी करायची नाही, पण माणूस ओळखू येईल असं काहीच ठेवायचं नाही, ना आळी, ना धंदा, ना नात्याची खूण. आणि तो खबऱ्या का झाला हेही लिहायचं, त्याच्या घरी काय अडचण होती, पोलिसांनी त्याला कशात धरला होता. त्या शिक्षांमध्ये कुठं कुणाची जुनी बांधाची भांडणं मिसळली नसतील असं छातीठोक कोण सांगणार? हे लिहिलं म्हणून क्रांतिसिंहांचं, नागनाथअण्णा नायकवडींचं काम लहान होत नाही, माझी आज्जी लहान होत नाही. उलट आपल्या घराण्यानं कधी चुकलंच नाही अशी कादंबरी वाचायला बसलं की चार पानांत झोप येते. ज्या घरात सावकारी होती त्यांनी सावकारी लिहावी, ज्यांच्या वाड्यावर वेठबिगार होती त्यांनी ती लिहावी आणि वेठीला येणाऱ्या घरांतल्या आजच्या माणसांशी बोलून लिहावी. ते वाड्याचं वैभव, ती झुंबरं बास झाली आता.

आपल्याला एवढीच विनंती आहे की घराण्यावरच्या अशा कादंबऱ्यांची परीक्षणं आपण छापता तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्यांना सांगावं की लेखकानं शेवटी दोन पानं तरी खुलासा दिलाय का ते बघा, कुठली माणसं खरी, कुठले प्रसंग कागदावरचे, कुठले ऐकीव आणि कुठले मनाचे. नसेल तर तसं स्पष्ट लिहा. प्रकाशकांनी पण तो मागून घ्यावा, दोन पानांनी काही खर्च वाढत नाही. आणि पुरवणीत जागा असेल तर वडूज, कुंडल, वाळवा, शिराळा, तासगाव या भागातल्या घरांकडून जेवण देणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, जखमी माणूस घरात लपवणाऱ्या बायकांची नुसती नावं मागवा, नाव, गाव आणि काय केलं ते एका ओळीत, घरच्यांच्या परवानगीनं. माझ्या आज्जीचं मी पहिल्याच दिवशी पाठवते.

आपली,
एक वाचक
ता. पलूस, जि. सांगली